उसनें हत्यार

आमच्या कपाटांत एक चकचकीत तबकडी बरींच वर्षें जपून ठेविलेली आहे. सन १९९९ च्या सुमारास शाळेंतील मुलांकरितां आम्हीं संस्कृत समासांवर एक टिपणवही तयार केली होती, व ती एका छापखान्यांत संगणकावर जुळवून घेतली होती. त्या काळीं मराठी अक्षरें संगणकावर उमटविण्यासाठीं विकतची आज्ञावली घ्यावी लागे, आणि ती चालावी म्हणून संगणकाच्या पाठीमागें बोटाएवढी एक खुंटी खोंचावी लागे. खुंटी काढली कीं अक्षरें बंद! पुढें तो छापखाना मोडला, खुंटी कोठें गेली कोणास ठाऊक, आणि आज्ञावली विकणाऱ्यांनींही ती जुनी आवृत्ति टाकून दिली. गेल्या वर्षीं आमच्या भाच्यानें तबकडी वाचण्याचें यंत्र कोठून तरी पैदा केलें व ती उघडून पाहिली, तों 'तत्पुरुष' या शब्दाच्या जागीं रोमन अक्षरें, टिंबें व उद्गारचिन्हें यांचा नुसता काला! टिपण आमचें, मेहनत आमची, जुळणीचे पैसेही आम्हींच मोजलेले. पण तें वाचण्याची किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशांत राहिली.

भाचा पुण्यास संगणकाच्याच व्यवसायांत आहे. आमचा उतरलेला चेहरा पाहून तो म्हणाला, "मामा, तुम्ही एकटेच असे अडकलां नाहींत. लिनक्स लिहिणारे जगांतले नाणावलेले लोक याच खड्ड्यांत पडले होते, आणि तेही डोळे उघडे ठेवून." त्या रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें आम्हांस बिटकीपर नांवाच्या हत्याराची हकीकत सांगितली. पुढें आम्हीं ती त्या वेळच्या लेखांवरून ताडून पाहिली. संगणकाशीं ज्यांचा संबंध मोबाइलपुरताच येतो अशा वाचकांसही ती समजावी, म्हणून थोडी मुळापासून सांगतों.

संगणकाचा सारा अंतर्गत कारभार पाहणारी जी मुख्य आज्ञावली, तिच्या गाभ्याचें नांव लिनक्स. सन १९९१ मध्यें फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें तो लिहावयास घेतला. आज वाचकांपैकीं पुष्कळांच्या हातांत जो अँड्रॉइड मोबाइल आहे, त्याच्या पोटांतही हाच गाभा चालतो. टोरवाल्ड्स यांनीं आपली लिखित संहिता लपवून ठेविली नाहीं. १९९२ सालीं त्यांनीं ती 'जीपीएल' नांवाच्या परवान्याखालीं लोकांस खुली केली. हा परवाना मूळचा रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांचा. त्याची पहिली आवृत्ति १९८९ ची व दुसरी १९९१ ची. त्याचा आशय असा कीं, ही संहिता कोणीही वापरावी, वाचावी, बदलावी व दुसऱ्यास द्यावी. मात्र जो बदलून दुसऱ्यास देईल त्यानें घेणाऱ्यासही हेच सर्व अधिकार दिले पाहिजेत. गुरूकडून घेतलेली विद्या शिष्यानें पुढें द्यावी, दाबून ठेवूं नये, असा जो आपल्याकडील संकेत, त्यालाच येथें कायद्याचें रूप आलें आहे म्हणाना.

इंग्रजी भाषेची एक अडचण येथें सांगून ठेवतों. 'फुकट' आणि 'मुक्त' या दोन्ही अर्थांस इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द आहे. त्यामुळें स्टॉलमन यांस आपलें म्हणणें समजावून सांगतां सांगतां जन्म पुरेना. मराठीस ही अडचण नाहीं. सार्वजनिक नळावरचें पाणी फुकट असतें. पण लग्नघरीं मिळणारें जेवणही फुकटच असतें, आणि तेथें पंगतींत कोठें बसावयाचें हें यजमान ठरवितो. पुढील सारी कथा या एका भेदावर उभी आहे.

लिनक्सचा पसारा वाढला तसे त्यावर काम करणारे लोक देशोदेशीं झाले. ज्याला जी दुरुस्ती सुचेल ती तो एका लहानशा मजकुराच्या रूपानें ई-मेलनें पाठवी. त्या मजकुरास ते लोक 'पॅच' म्हणजे ठिगळ म्हणतात. हीं ठिगळें टोरवाल्ड्स स्वतः वाचून पसंत पडतील तीं गाभ्यांत शिवीत. एकट्या माणसानें शेंकडों जणांचीं ठिगळें किती दिवस शिवावीं? १९९८ सालीं हा ताण फार वाढला. ठिगळें हरवूं लागलीं, पाठविणारे चिडूं लागले, टोरवाल्ड्सही थकले. लिहिणाऱ्यांची संख्या अफाट, पण कोणी, केव्हां, काय व कां बदललें याची नीट वही नाहीं, असा तो प्रकार होता.

ही 'वही' म्हणजे काय, हें समजण्यास पुण्याचेंच उदाहरण घेऊं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति तयार होत होती. १९१९ सालीं आरंभलेलें तें काम १९६६ सालीं पुरें झालें. बाराशेंहून अधिक हस्तलिखितें गोळा करून, एकेका श्लोकाखालीं कोणत्या पोथींत कोणता पाठ आहे हें मांडून, मग डॉ. सुखटणकर व त्यांच्यामागून आलेले संपादक मूळ पाठ निश्चित करीत. त्या आवृत्तींत वरच्या श्लोकाइतकीच तळच्या पाठभेदांची किंमत आहे, हें ज्यानें ती चाळली आहे त्यास सांगावयास नको. नुसता अंतिम पाठ हातीं आला, पण तो कसा ठरला हें कळलें नाहीं, तर पुढच्या अभ्यासकाचे हात बांधले जातात. संगणकाच्या संहितेचें अगदीं तसेंच आहे. एखादी ओळ तीन वर्षांपूर्वीं कोणी व कशासाठीं घातली हें कळलें म्हणजे ती आज काढावी कीं ठेवावी हें ठरतें. पाठभेदांची अशी वही आपोआप ठेवणारीं हत्यारें त्या व्यवसायांत असतात. सीव्हीएस नांवाचें एक मुक्त हत्यार तेव्हां प्रचारांत होतें; पण त्यांत सर्व नोंद एका मध्यवर्ती ठिकाणीं ठेवावी लागे, आणि टोरवाल्ड्स यांस तें मुळींच आवडत नसे. तेव्हां १९९१ पासून दहा वर्षें लिनक्सचा कारभार ठिगळें व गठ्ठे यांवरच चालला.

अशा वेळीं लॅरी मॅक्वॉय पुढें आले. हे कॅलिफोर्नियांतील जाणते गृहस्थ. पूर्वीं सन कंपनीत असतांना त्यांनीं याच जातीचीं हत्यारें केलेलीं होतीं. त्यांनीं बिटमूव्हर नांवाची कंपनी काढून बिटकीपर तयार केलें. त्यांतील मुख्य युक्ति अशी कीं मध्यवर्ती दप्तर नाहींच. प्रत्येक कामकऱ्याजवळ संहितेबरोबर तिचा संपूर्ण इतिहास असतो, आणि दोघांनीं आपापल्या घरीं बसून केलेले बदल मागाहून एकमेकांत मिसळतां येतात. भांडारकर मंदिराच्या प्रत्येक पंडिताच्या घरीं सर्व पोथ्यांच्या नकला, आणि संध्याकाळीं सर्वांच्या वह्या आपोआप जुळलेल्या, अशी कल्पना करावी. कल्पना उत्तम होती यांत शंका नाहीं. फेब्रुवारी २००२ मध्यें टोरवाल्ड्स यांनीं लिनक्सचें काम बिटकीपरवर चालू केलें. त्यामुळें काम पुष्कळ वेगानें होऊं लागलें, हें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे.

बिटकीपर विकतचें होतें. त्याची मूळ संहिता कंपनीच्या तिजोरींत. परंतु मुक्त आज्ञावली लिहिणाऱ्यांस कंपनीनें तें फुकट वापरूं दिलें. फुकट म्हटलें कीं अटी आल्याच. पहिली अट अशी कीं, फुकट वापरणारानें आपण केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद कंपनीच्या उघड्या दप्तराकडे पाठवावी. ही अट फारशी जाचक नव्हती. जें काम उघड्यावर चाललें आहे त्याची नोंद उघडी झाली तर काय बिघडलें? पण २००२ सालींच परवान्यांत दुसरी अट शिरली, ती निराळ्या जातीची. जो मनुष्य बिटकीपरशीं स्पर्धा करील असें हत्यार बनवितो, किंवा ज्याचा धनी बनवितो, त्यास फुकटचा परवाना नाहीं!

वाचकांनीं या अटीकडे जरा थांबून पाहावें. सुतारानें दुसऱ्या सुतारास रंधा उसना दिला आणि म्हटलें, "वापर, पण बोथट करूं नकोस", तर तें योग्यच आहे. "माझ्या घरच्या कामास अडेल तेव्हां परत दे", हेंही योग्य. पण "हा रंधा हातीं धरलास तर तुला रंधा घडवितां येणार नाहीं, आणि तुझा मालक रंधे घडवीत असेल तर तुलाही हा मिळणार नाहीं", असें म्हटल्यावर ती अट रंध्यावर राहिली नाहीं. ती सुताराच्या हातांवर व डोक्यावर बसली. लिनक्सवर काम करणारांपैकीं कांहीं जण सबव्हर्जन नांवाच्या दुसऱ्या एका मुक्त हत्याराच्या कामांतही होते. त्यांनीं एका पोथीच्या सेवेसाठीं दुसरी पोथी खालीं ठेवावी, असा हा पेंच पडला.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि आमच्या मतें तीच मुख्य. लिनक्सची संहिता सर्वांची, बदल करणारे हात सर्वांचे. पण बदलांची ती वही बिटकीपरच्याच पद्धतीनें लिहिली जाई. ज्यानें परवाना स्वीकारला नाहीं त्यास चालू संहिता मिळे, आणि आरडाओरड झाल्यावर कंपनीनें सीव्हीएसच्या रूपांत एक उताराही उपलब्ध केला. पण शाखोपशाखांसह संपूर्ण इतिहास मूळ हत्यार हातीं असल्यावांचून दिसत नसे. म्हणजे श्लोक सर्वांना मोफत, पाठभेद मात्र कुलपांत. आमची तबकडी आम्हांस येथें आठवली.

हें त्या वेळींच कोणास दिसलें नाहीं असें नाहीं. स्टॉलमन यांनीं २००२ सालींच स्पष्ट हरकत घेतली. अॅलन कॉक्स हे लिनक्सचे मोठे आधारस्तंभ. त्यांनीं बिटकीपरला हात लावण्याचें नाकारलें व आपलें काम जुन्या रीतीनें चालू ठेविलें. टोरवाल्ड्स यांचें उत्तर साधें होतें: आपणांस उत्तम हत्यार हवें, तें मुक्त असतें तर अधिक बरें, पण तितकें चांगलें मुक्त हत्यार आज नाहीं, तेव्हां तत्त्वासाठीं वाईट हत्यारानें काम करण्यांत अर्थ नाहीं. हें उत्तर व्यवहारी माणसाचें आहे, आणि आम्ही त्यास सर्वस्वी हंसणार नाहीं. गळक्या लेखणीनें लिहिलें म्हणून अक्षर पवित्र होत नाहीं. परंतु आपण एकट्यानें उसनें घेणें वेगळें आणि ज्या घरांत शेंकडों लोक राबतात त्या घराचा कारभार उसन्यावर टाकणें वेगळें. एकट्याचें घेतलेलें परत देतां येतें. घराच्या कारभाराचें तसें नसतें. घरांतील प्रत्येकास, त्याला विचारल्यावांचून, देणेकऱ्याच्या दारांत उभें केलेलें असतें.

तीन वर्षें असा संसार चालला. मग २००५ च्या एप्रिलांत तो मोडला. मोडण्याचें निमित्त अँड्रयू ट्रिजेल नांवाचे एक ऑस्ट्रेलियन विद्वान झाले. मायक्रोसॉफ्टचे संगणक आपसांत जी गुप्त बोली बोलतात ती नुसती ऐकून ऐकून शिकावयाची, व मग तीच बोली बोलणारें सांबा नांवाचें मुक्त साधन तयार करावयाचें, हा पराक्रम त्यांनीं पूर्वींच केलेला होता. बिटकीपर त्यांनीं कधीं वापरलें नव्हतें, म्हणून त्याच्या अटीही त्यांजवर बंधनकारक नव्हत्या. लिनक्सचा इतिहास परवान्यावांचूनही वाचतां यावा, एवढ्यासाठीं ते एक लहानसें साधन तयार करूं लागले. योगायोग असा कीं ज्या संस्थेकडून त्यांस वेतन मिळे तिच्याकडूनच टोरवाल्ड्स यांसही मिळे. मॅक्वॉय यांस हें खपलें नाहीं. बरीच रदबदली झाली, ती फुकट गेली, आणि कंपनीनें बिटकीपरची फुकट आवृत्ति बंद करीत असल्याचें जाहीर केलें.

ट्रिजेल यांनीं असा कोणता दरोडा घातला होता? त्याच महिन्यांत कॅनबेरा येथें लिनक्सवाल्यांची परिषद भरली होती, तेथें भर सभेंत त्यांनीं तो करूनच दाखविला. टेलनेट नांवाचें एक जुनें, सर्वांच्या परिचयाचें साधन आहे. त्यानें दूरच्या संगणकाशीं नुसतें बोलतां येतें. तें घेऊन त्यांनीं बिटकीपरच्या दप्तराचें दार ठोठावलें, आणि आतां काय विचारूं म्हणून सभेकडे पाहिलें. सभेंतून सूचना आली: मदत माग. त्यांनीं इंग्रजींतला मदतीचा तो चार अक्षरांचा शब्द टंकिला. आणि दप्तरानें आपण कोणकोणत्या आज्ञा पाळतों त्यांची यादी आपण होऊन वाचून दाखविली. वाड्याच्या दिंडीवर कोणी हांक मारावी, आणि आंतल्या गड्यानें किल्ल्या कोठें कोठें टांगल्या आहेत तें सांगावें, त्यांतला हा प्रकार!

तरीही टोरवाल्ड्स रागावले, ते ट्रिजेल यांजवर. चाललेलें काम या मनुष्यानें हकनाक मोडलें, असा त्यांचा ग्रह झाला. हा राग आम्हांस पटला नाहीं. एका माणसानें दार ठोठावतांच जी व्यवस्था कोसळते ती ठोठावण्यानें कोसळली असें म्हणतां येत नाहीं. तसेंच मॅक्वॉय यांस खलपुरुष ठरविणारेही पुष्कळ निघाले. तेंही आम्हांस मान्य नाहीं. त्यांच्या पदरीं नोकर होते, दरमहा पगार वांटावयाचे होते, आणि आपण खपून बनविलेली वस्तु आपल्याच डोळ्यांदेखत दुसरा फुकट बनवीत आहे हें पाहून कोणास शांत राहवेल? त्यांनीं आपल्या अटी पहिल्यापासून लिहून ठेविल्या होत्या. ज्यानें त्या वाचून मान डोलावली त्याची जबाबदारी आम्ही अधिक समजतों. भाच्याचें मत येथें आमच्याहून निराळें आहे. तो म्हणतो, "मामा, बिटकीपर वापरलें नसतें तर चांगलें हत्यार कसें असतें हेंच टोरवाल्ड्सना कळलें नसतें." यांत तथ्य आहे हें आम्ही नाकारीत नाहीं.

कारण पुढें जें घडलें तें खरोखरच अद्भुत आहे. दुसरें कोणतेंही हत्यार पसंत पडेना, तेव्हां टोरवाल्ड्स यांनीं लिनक्सचें काम बाजूस ठेविलें आणि ३ एप्रिल २००५ रोजीं स्वतःच हत्यार घडवावयास बसले. ७ एप्रिलला तें नवें हत्यार स्वतःच्याच बदलांची वही स्वतः ठेवूं लागलें होतें. चार दिवस! जून महिन्यांत लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ति त्यावरूनच बाहेर पडली. त्याचें नांव त्यांनीं 'गिट' ठेविलें. इंग्रजांच्या बोलींत हा शब्द एखाद्या तुसड्या माणसास उद्देशून वापरतात. आपण आपल्या वस्तूंना आपलेंच नांव देतों, असा विनोदही त्यांनीं केला. गिटला त्यांनीं लिनक्सचाच जीपीएल परवाना लाविला, आणि २६ जुलैला त्याचा सांभाळ जुनिओ हमानो या जपानी गृहस्थांच्या हातीं सोंपवून ते आपल्या मूळ कामाकडे परतले. त्याच एप्रिलांत, त्याच गरजेपोटीं, मॅट मॅकॉल यांनीं मर्क्युरिअल नांवाचें दुसरें मुक्त हत्यार आरंभिलें होतें, तेंही पुढें चांगलें नांवारूपास आलें. त्या कामांतील एक सहकारी मात्र त्याच वर्षीं बाहेर पडला. त्याच्या नोकरीच्या ठिकाणीं बिटकीपर विकत घेतलेलें होतें, आणि मॅक्वॉय यांनीं त्याच्या वरिष्ठांकडे शंका काढल्यावर हात आंखडता घेणें त्यास बरें वाटलें. रंध्याची अट फुकट घेणारापुरतीच नव्हती हें यावरून दिसेल.

गिटवर लिनक्स आणतांना एक गोष्ट घडली, ती बहुतेक हकीकतींत एका ओळींत उरकतात. आम्हांस ती चटका लावून गेली. आज लिनक्सच्या अधिकृत वहीचें पहिलें पान उघडलें तर तें १९९१ चें नाहीं, २००२ चेंही नाहीं. तें एप्रिल २००५ चें आहे. त्या पहिल्या नोंदींतच टोरवाल्ड्स यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, जुना इतिहास आपणांजवळ आहे, पण तो सर्व येथें आणीत बसत नाहीं. आणला तर ३.२ गिगाबाइट जागा व्यापील, आणि नवें हत्यार अजून बाल्यावस्थेंत आहे. मागाहून इतरांनीं खटपट करून जुन्या नोंदी गिटच्या रूपांत उतरविल्या, व त्या पाहिजे त्यास जोडून घेतां येतात. पण मुख्य वहीस त्या आजही जोडलेल्या नाहींत. महाभारताच्या संपादकांनीं आदिपर्वाचे पाठभेद वेगळ्या गठ्ठ्यांत बांधून माळ्यावर ठेवावे, तसें हें झालें.

बिटकीपरचें काय झालें? मे २०१६ मध्यें त्याच्या मालकांनीं त्याची संहिता अपाची परवान्याखालीं सर्वांस खुली केली. जी गोष्ट २००२ सालीं केली असती तर कदाचित् गिटचा जन्मच झाला नसता, ती चौदा वर्षांनीं झाली. तोंवर गिट जगभर पसरलें होतें, आणि बिटकीपरची कोणास आठवणही उरली नव्हती.

येथेंच हकीकत संपती तर गोड झाली असती. पण आमच्या शास्त्रकारांनीं घट्टकुटीप्रभात नांवाचा एक न्याय सांगून ठेविला आहे. घट्टकुटी म्हणजे जकातनाका. एक गाडीवान जकात चुकवावी म्हणून रात्रभर आडवाटेनें हिंडला, वाट चुकला, आणि उजाडतांच पाहतो तों गाडी बरोबर जकातनाक्यापुढें उभी! गिट मुक्त झालें. पण गिटच्या वह्या ठेवावयास सोईचें घर पाहिजे म्हणून २००८ सालीं गिटहब नांवाचें दुकान निघालें, आणि मुक्त आज्ञावल्या लिहिणारे लोक थव्याथव्यानें तेथें राहावयास गेले. या घराची स्वतःची संहिता बंद आहे. २०१८ सालीं तें मायक्रोसॉफ्टनें साडेसात अब्ज डॉलरांस घेतलें. संहिता व तिचा इतिहास यांची पुरी प्रत गिटमुळें प्रत्येकाजवळ असते, हें खरें, आणि बिटकीपरच्या दिवसांहून हा मोठाच फरक आहे. पण त्या संहितेवर झालेल्या चर्चा, लोकांनीं दाखविलेल्या चुका, दिलेलीं उत्तरें हें सर्व गिटच्या वहींत नसतें, तें त्या घराच्या भिंतींवर लिहिलेलें असतें. जुलै २०१९ मध्यें अमेरिकेच्या निर्बंधांमुळें इराण, सीरिया व क्रायमिया येथील लोकांस त्या घरांतील आपल्या खासगी कोठड्या एकाएकीं बंद झालेल्या आढळल्या. कंपनी म्हणाली, कायदा आहे, आमचा इलाज नाहीं. आणि तें खोटें नव्हतें. इराणच्या लोकांसाठीं सरकारी परवानगी मिळून दारें पुन्हां उघडलीं तीं जानेवारी २०२१ मध्यें. दीड वर्ष एखाद्या विद्यार्थ्याच्या आयुष्यांत थोडें नसतें. लिनक्सचा गाभा मात्र आपल्या स्वतःच्या दप्तरांतच राहतो, आणि त्यावरील ठिगळें अजूनही ई-मेलनेंच फिरतात. एकदां पोळल्यावर ताक फुंकून प्यावें, तसें.

असो. आमच्या टिपणवहीचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. भाच्यानें दोन रविवार खर्चून त्या काल्यांतील कोणतें चिन्ह कोणत्या मराठी अक्षराचें हें शोधण्याचा एक तक्ता केला. साधीं अक्षरें बरींचशीं परत आलीं. जोडाक्षरें आलीं नाहींत. संस्कृत टिपणांत जोडाक्षरें नसतील तर राहिलें काय? म्हणून आम्ही छापील प्रत पुढें ठेवून सर्व वही युनिकोडमध्यें पुन्हां टंकित करीत आहों. युनिकोड हा सर्व कंपन्यांनीं मिळून मान्य केलेला अक्षरांचा सामायिक क्रम आहे. खुंटी लागत नाहीं. वही पुरी झाली कीं ती सर्व मुलांसाठीं गिटहबवर ठेवूं या, असें भाच्यानें सुचविलें. वर इतकें लिहून ठेवल्यावर आम्हीं यास रुकार द्यावा कीं नाहीं, यावर मामा-भाच्यांची एक संध्याकाळ गेली. शेवटीं असें ठरलें कीं तेथें ठेवावी. कोणीही वापरावी, सुधारावी, वांटावी, आमचें नांव तेवढें राहूं द्यावें, असा परवाना तिजवर लिहावा. आणि एक पुरी प्रत भाच्याच्या घरीं, एक आमच्या संगणकावर व एक कागदावर असावी. आमचें टंकलेखन सावकाश चालतें. अव्ययीभाव व तत्पुरुष झाले आहेत. सध्यां बहुव्रीहि चालू आहे.